मूठ

गोठिवलीत पिठाच्या गिरणीवर आमची मंडळी भरते.
रविवारी गिरणी साडेअकराला सुरू होते,
म्हणून उपदेश अकरा पंचवीसला संपतो.
ही शिस्त आम्ही नगरकडच्या
एकाही पाळकात पाहिली नव्हती.
बाकांवर, फरशीवर पिठाची साय,
गुडघे टेकून उठलं की साडीवर दोन पांढरे ठसे.
ते झटकत आम्ही जिना उतरतो.

पाळकीणबाईंचं नाव झोदिनपुई.
घरमालकीण भागीरथी भोईर, तिनं पहिल्याच दिवशी
त्याचं दीना केलं, आणि विचारलं,
"कंच्या देशाची गो तू?"
"ह्याच."
रिक्षावाला विचारतो, भाजीवाला विचारतो,
तिचं आधार कार्ड हातात धरून
बँकेतला पोरगा विचारतो.
ह्याच. ह्याच.
मराठीतला हा शब्द तिचा सगळ्यात आधी पाठ झाला.

मंडळीची खजिनदार मी. वही माझ्याकडे:
दानार्पण, हॉलचं भाडं, प्रभुभोजनाचा द्राक्षरस,
पंखादुरुस्ती, पुन्हा पंखादुरुस्ती.
तिला मराठी शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात,
निवृत्त शिक्षिकेला नाही कुठे म्हणता येतं?
'ळ' तिच्या जिभेवर टिकत नाही.
नवऱ्याला ती पालक म्हणते,
आणि भागीरथी दारातून ओरडते, "कशी दिली जुडी?"

तिच्या ओट्याशी बसले असताना ते दिसलं.
तांदूळ मापून घेतले,
धुवायच्या आधी त्यातली एक मूठ काढली,
बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात टाकली.
सकाळी एक. रात्रीच्या भाताला एक.
"हे कशाला?"
ती शब्द शोधत राहिली. भाताला कढ आला.
"आमच्या गावात सगळ्या बाया काढते.
देवाची मूठ. चर्च विकते.
त्या पैशानी मी इकडे आली."

घरी येऊन हिशेब मांडला, जित्याची खोड.
एका मुलाची शाळा, खोलीचं डिपॉझिट,
गुवाहाटीपासूनची तिकिटं, आणि तो पंखा:
किती चुली, किती मुठी?
बेरीज लागेना.
धुक्यातल्या कुठल्या डोंगरावर
मला न दिसलेली एक बाई
भात थोडा कमी शिजवते,
आणि इथे तिच्या पंख्याखाली बसून
मी स्तोत्र लांबलं म्हणून घड्याळ बघते.

मार्चात त्यांचं मानधन आलं नाही. एप्रिलातही नाही.
हे मला वहीवरून कळलं, तिच्याकडून नाही.
मुआना तापानं फणफणलेला,
घरातल्या डब्यात तांदूळ तळाला.
पेज करावी म्हणून मी बोर्नव्हिटाचं झाकण उघडलं,
तिनं माझ्या हातावर हात ठेवला.
"ते आपला नाही."
त्याच संध्याकाळी तो डबा
एस्तेर उजागरेच्या घरी गेला,
तिच्या नवऱ्याला रबाळ्याच्या कंपनीनं
गेटवरूनच परत पाठवलं होतं.
पेज मग भागीरथीच्या तांदळाची झाली,
वर भाजलेली सुकट.
त्या वासानं मुआना उठून बसला,
म्हणाला, गावचा वास.

भागीरथीला डब्याचं सगळं समजावून सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग पदर खोचून म्हणाली,
"आमच्या एकविरेच्या नावाची मूठ चालंल का गो त्यात?"
पाळकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे पाहिलं.
"तांदूळ आहे ना?" ती म्हणाली. "चालते."

मीही आता एक डबा ठेवलाय, स्टीलचा.
वहीत त्याला रकाना नाही.
पहिल्या दिवशी मूठ काढली,
मग त्यातले थोडे परत टाकले.
खजिनदार आहे,
खोटं लिहिणार नाही.