तिसरी टाकी

मोचेमाडच्या खाडीअलीकडे पत्र्याची शेड,
शेडमध्ये आगळाच्या पाच टाक्या.
रतांबे संपत आलेत, मे संपत आलाय,
जमीन, भिंत, बायकांचे तळवे, सगळं तांबडं-जांभळं
आणि मी तिसऱ्या टाकीच्या झाकणावर पालथा,
रुपयाएवढं भोक पाडतोय.

आधी इथे काठी होती.
वेताची, खुणा कोरलेली.
शेवंती आरोलकर ती आत सोडायची,
वर काढून ओली खूण अंगठ्याने धरायची
आणि वहीत लिटर लिहायची.
काठी कधी कुजली नाही, एवढं मीठ असतं आगळात.
तपासणीला आलेल्या साहेबांना ती आवडली नाही, एवढंच.

म्हणून हा सेन्सर.
मी तिला सांगतो, हा आत बुडत नाही,
वरूनच एक हाळी घालतो,
माणसाच्या कानाला न लागणारी,
सेकंदाला चाळीस हजार थरथरींची.
ती खाली जाते, आगळाच्या पाठीवर आपटते, परत येते.
किती वेळाने आली, त्यावरून अंतर.
अंतरावरून लिटर.
"बायत कूक घालतंव तसा?"
तसंच. फक्त ही विहीर दीड मीटरची
आणि उत्तर पापणी लवायच्या आत.

हवा तापली की आवाज जास्त वेगाने धावतो,
म्हणून आत तापमान बघणारा एक दाणाही बसवलाय.
दुपारी तीनला पत्रा कडकडतो
आणि तो दाणा हिशेब दुरुस्त करत राहतो, कुणी न सांगता.

एक खोट मात्र सांगावी लागते.
टाकी काठोकाठ भरू नका, वरची वीतभर जागा सोडा.
अगदी जवळचं याला ऐकू येत नाही.
हाळी घालून झाली तरी स्वतःचाच आवाज
याच्या अंगात घुमत राहतो थोडा वेळ,
तेवढ्यात आलेलं उत्तर त्यात बुडून जातं.
"म्हणजे आमच्या घोवासारखो," शेवंती म्हणते,
आणि रतांबे फोडणाऱ्या सगळ्या जणी हसतात.
मीही हसतो.
कुडाळला घरी पोचेपर्यंत ते हसू पुरत नाही.

चार दिवसांनी फोन. तिसरी टाकी आकडा दाखवत नाही.
नुसत्या रेघा.
वाटेत मनाशी यादी केली:
वायर, उंदीर, तोंडावर धरलेलं दव,
झाकणाखाली कोळ्याने विणलेलं काही.
शिडी चढलो. वायर ठीक. उंदीर नाही. पुसला. रेघा.
काढून भिंतीसमोर धरला: एक मीटर बारा. बरोबर.
परत टाकीवर: रेघा.
"बहिरो झालो हो," मी म्हणालो.

शेवंती वर आली. आधी वास घेतला.
मग पत्र्यामागे खोचलेली काठी मागवली,
आत सोडली, ओलं टोक जिभेला लावलं.
"बहिरो नाय तो. फेस इलो हा. मीठ कमी पडला."

बॅटरी मारली तर खरंच फेस,
गुलाबी, चार बोटं जाड, आतल्या आत कुजबुजणारा.
हाळी त्यात उतरत होती आणि तिथेच विरत होती,
कापसात सुई पडावी तशी.
पातळी होती जागच्या जागी.
तिचा निरोप घेऊन वर कुणी येत नव्हतं.

मीठ कुणी घातलं होतं, ते कुणी विचारलं नाही.
नवी मुलगी, प्रणोती, कोपऱ्यात उभी,
कोपरापर्यंत लाल.
शेवंतीने पोतं तिच्याकडेच सरकवलं.
"घाल. मी मोजतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फेस बसला.
आकडा आला: आठशे चाळीस.
शेवंतीने काठी सोडली, वर काढली, अंगठा धरला.
आठशे पस्तीस.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
बाहेर ओहोटीचा वास सुटला होता.
वहीत तिने कोणता आकडा लिहिला
ते मी पाहिलं नाही.