डी लिहायचा, म्हणायचा नाही

गुरुवारी संध्याकाळी, ग्रिम्सबीत,
वाचनालयाच्या वरच्या खोलीत
जिथला हीटर फक्त खिडकीलाच ऊब देतो,
मिसेस हॅल्डनबी फळ्यावर लिहितात: यूज्ड टू.
डी लिहायचा, म्हणायचा नाही, बाई सांगतात.
आम्ही अकराजण एकदम म्हणतो: यूस्टू.
कुणीतरी शिंकल्यासारखं वाटतं.

म्हणजे पूर्वी व्हायचं, वरचेवर व्हायचं,
आता होत नाही.
करा वाक्यं.

ओरिस्या म्हणते, आमच्या परसात कलिंगडं व्हायची.
मेहरेताब म्हणतो, सायकलच्या शर्यतीत मी दुसरा यायचो.
नेहमी दुसराच? बाई विचारतात.
हो. पहिला माझा चुलतभाऊ यायचा.
शिलान वहीत लिहिते, मला थंडी वाजायची नाही,
आणि बाई तिला दाखवतात,
नकार आला की डी गळून पडतो,
प्रश्न आला तरी गळतो.
पेन्सिलनं दाखवतात. लाल शाई त्या वापरत नाहीत.

रेडिएटर बघायला आलेला लेन
हातात पाना, गुडघे टेकलेले,
मान वर न करताच बोलतो:
या धक्क्यावरून त्या धक्क्यावर
बोटीबोटींवरून चालत जाता यायचं, बूट न भिजवता.
त्याला कुणी वाक्य विचारलं नव्हतं.
बरोबर, बाई म्हणतात.

मग माझी पाळी.
आमच्या गावात एक झुलता पूल असायचा.
उन्हाळ्यात आम्ही त्यावरून फुरातमध्ये उड्या मारायचो.
बरोबर. छान.
पूल पडायचा.
नाही, घझवान. एकदाच पडला ना?
एकदाच घडलेल्याला हे चालत नाही.
तिथे साधा भूतकाळ. पडला.
मी खोडून लिहितो: पूल पडला.
दोन शब्दांत मावतो.

त्याच्या खाली लिहितो:
माझा भाऊ ऐहम मरायचा.

बाईंची पेन्सिल येते आणि कागदाच्या वर थांबते.
घझवान, हे सुद्धा, त्या हळू म्हणतात, एकदाच...
रोज, मी सांगतो. पहाटे तीनच्या सुमारास.
आधी त्याच्या मागे जिना असायचा,
पुढे पुढे नुसती भिंत.
कधी माझे बूट घातलेले असायचे त्यानं, मला न विचारता.
मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी लागली
तेव्हापासून नाही.
आता मी दिवसा झोपतो,
आणि दिवसा तो येत नाही.

बाई वाक्य पुन्हा वाचतात, नुसते ओठ हलवत,
डी न म्हणता.
मग शेजारी बरोबरची खूण करतात,
इतकी फिकट की दिव्याखाली धरून बघावी लागते.

पुढच्या गुरुवारी, फळा पुसत त्या सांगतात,
हेच दोन शब्द, पण आधी 'आय ॲम' लावायचं.
मग अर्थ सवय झाली असा होतो.
घरून तीन वाक्यं करून आणा.

लेन रेडिएटरवर तळहात ठेवून बघतो,
गारच आहे म्हणतो, उद्या येतो.

बसथांब्यावर मी जुळवतो:
मला या वाऱ्याची सवय झाली आहे.
मला मासळीच्या वासाची सवय झाली आहे,
केसांतल्यासुद्धा.
मला
बस येते. मी सुट्टे मोजतो.