अ.पा.क.

कोर्टाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली
माझं टेबल, एक संगणक, एक प्रिंटर
आणि झेरॉक्सवाल्याकडून ओढलेली वायर.
पानाला वीस रुपये.
चुकलं तर माझं, बदललं तर तुमचं.

मे महिन्यात इथे कीबोर्ड एवढा तापतो
की 'अ' दाबला की बोट आपोआप मागे येतं.
आणि माझा तर धंदाच 'अ'चा :
अर्जदार, गैरअर्जदार, अंतरिम, अटी,
अज्ञान.

अठराच्या आतलं माणूस कायद्याला अज्ञान.
सातबाऱ्यावर, बँकेत, इथे,
नावापुढे अ.पा.क. आणि त्यापुढे एक मोठं नाव.
अज्ञान पालनकर्ता.
बावीस वर्षं मारतेय, कधी खटकलं नाही.
बोटांना अर्थ लागत नसतो.
(माझा अर्ज मी पलीकडच्या टेबलावर
पैसे देऊन टाइप करून घेतला होता.
ती गोष्ट वेगळी.)

मार्चचा पहिला शनिवार.
लांजेवार वकिलांनी एक पक्षकार पाठवला,
नीलकंठ हेडाऊ, पॉवरलूमवर कामाला,
भुवयांवरसुद्धा कापसाची लव.
मुलीचा ताबा मागायचा होता.
ताबा.
हाच शब्द सकाळी मी उमरेड रोडच्या
एका प्लॉटसाठी मारला होता.
तीच ओळ उचलून इथे चिकटवली,
चतुःसीमा तेवढ्या खोडल्या.

मुलगी सोबतच होती.
पहिला आणि तिसरा शनिवार बापाचा.
स्टुलावर बसून, पाय अधांतरी,
दप्तर पोटाशी धरून ती स्क्रीन वाचत होती.
कु. गार्गी, वय वर्षे साडेआठ, अज्ञान.
"मावशी, अज्ञान म्हणजे
ज्याले काहीच नाही समजत तो ना?"

कायद्याचा शब्द आहे, बेटा.

"पण मले तं सगळं समजते."

आणि बाप पाण्याचे पाऊच आणायला गेला
तेवढ्या वेळात तिने सांगून टाकलं :
आईसमोर पप्पा नाही म्हणायचं, 'तिकडे' म्हणायचं.
तिकडे तर्री-पोहे खाल्ले असले
तरी घरी गेल्यावर भूक लागली म्हणायचं.
जजसाहेबांनी आत बोलावलं,
बिस्कीट दिलं, विचारलं, कोण जास्त आवडतं?
तर बिस्कीट चावत राहायचं.
ब्रश दोन आहेत, चपला दोन जोड,
कंपासपेटी मात्र एकच.
ती राहिली की आई फोन करते, पप्पा उचलतात,
दोघं भांडतात.
"म्हणून मी ते मुद्दामच इसरतो.
तेवढंच बोलतात."

परिच्छेद सातवर कर्सर लुकलुकत होता :
सदर अज्ञान मुलीस स्वतःचे हित कळत नसल्याने
मी पुढे काही मारलं नाही.
मागेही काही खोडलं नाही.
वकिलाने लिहून दिलेलं खोडायला मी कोण?

बाप तीन पाऊच घेऊन आला. एक माझ्यासाठी.
पाऊचचा कोपरा त्याने दातांनी तोडला,
आधी तिच्या हातात दिला,
मग वाकून तिच्या सॅंडलचा बक्कल लावला.
हे अर्जात कुठेच नव्हतं.
आईच्या जबाबातही असंच काहीतरी नसेल.
चार प्रती काढल्या. सही इथे, इथे आणि इथे.

ते गेल्यावर प्रिंटरच्या मागे
निळी कंपासपेटी सापडली.
आत एक अर्धं खोडरबर, मोडका कर्कटक,
आणि शिसपेन्सिल,
दोन्ही टोकांनी टोकदार केलेली.

पहिल्याच पानावर दोन्ही पत्ते होते,
गोळीबार चौक आणि मानेवाडा.
खाली दोन्ही मोबाईल नंबर.
मी एकाला लावला.
मग दुसऱ्याला.
दोघंही म्हणाले, ठेवा ताई, येतोच.

वायर गुंडाळायची वेळ झाली होती.
झेरॉक्सवाला दोनदा ओरडला.
मी बसून राहिले.