मागील पानावरून

सेलूत, स्टेशन रोडवर, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
सकाळपासून मी विहिरी मांडते आहे.
दोनशे बारा. सगळ्या एकाच टेबलात.
अनुक्रमांक, गाव, मालक,
पावसाळ्यापूर्वीची पातळी, नंतरची, शेरा.
डासाळकर सर पेनड्राइव्ह देताना म्हणाले,
“आकडे आमचे, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं.
विहीर दीर्घ, विहिरी ऱ्हस्व. तेवढं बघा.”
तेवढं बघितलं.

पहिलं पान नीट आलं.
दुसऱ्यावर मथळाच नाही. नुसतेच
४२, ३८, ५१, ६०.
कशाचे? फुटांचे,
की वयाचे, की दहावीच्या गणिताचे?
धाकटा डबा घेऊन आला, वाकून बघत म्हणाला,
“ताई, बेचाळीसवाला पास हाय की.”
हसले मी. पण डोक्यावर ओळ नसली
की आकडा कुणाच्याही घरात जाऊन बसतो.

मग वरच्या ओळीला हेडर केलं.
आता ती दर पानावर आपोआप उभी राहते,
हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखी.
त्यातच बारीक अक्षरात टाकलं: मागील पानावरून.
आणि बघते तर पहिल्याच पानावर,
पहिल्याच विहिरीच्या डोक्यावर तेच,
मागील पानावरून.
मागे तर नुसतं मुखपृष्ठ.
सॉफ्टवेअरला सुरुवात कळत नाही.
त्याला सगळी पानं मधलीच.

एक पांढरा चौकोन काढला,
त्या दोन शब्दांवर ठेवला. स्क्रीनवर झकास.
मग सरांचा फोन: “टेबलाच्या वर दोन ओळी वाढवा,
ग्रामस्थांचे आभार राहिलेत.”
वाढवल्या. टेबल खाली सरकलं,
चौकोन होता तिथंच राहिला.
ग्रामस्थांचे आभार गडप,
आणि खाली पुन्हा उघडं:
मागील पानावरून.

दुपारी हबीबचाचा आले. ट्रेडलवर
तीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस,
आता चहापुरता येतो.
त्यांच्या वेळी काम संपलं की
अक्षरं आपापल्या खणात परत जायची,
क खणात क, ळ खणात ळ.
ही एक ओळ तेवढी सुटायची नाही.
सुतळीनं बांधून खिडकीत ठेवलेली,
लागली की उचलायची, दुसऱ्या पानापासून.
“पहिल्यावर चुकून कधी लागली नाही?”
“कशी लागंल? हाताला म्हाईत असतंय ना बेटी,
आत्ताच शाई लावली का मघाशी.”
चहा बशीत ओतून बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.
मग म्हणाले, “असं कर.
पहिल्या मथळ्याला मथळा म्हणूच नको.
साधी ओळ समज त्याला.
खरा मथळा दुसऱ्यापासून.”

माउसला हात न लावलेल्या माणसानं सांगितलं ते
मेनूत तिसऱ्या थरात होतं.
पहिला वगळा. एक टिचकी.
पहिल्या पानावर साध्या ओळीला मी
हातानंच ठळक केलं, करडा रंग दिला,
कुणाला फरक कळणार नाही असा.
चौकोन डिलीट केला. आभार परत आले.

मग शेवटचं वाचन. पान आठ.
मथळा, बारीक अक्षरात ते दोन शब्द,
आणि त्यांच्या लगेच खाली
एकशे त्रेचाळीस. कुंभारटाकळी.
सोपान केरबा ढाकरगे.
पूर्वी: रेघ. नंतर: रेघ.
शेरा: रस्त्यात गेली.

बापाला विचारलं तर सांगतो, पायऱ्या होत्या सतरा.
ते लिहायला रकाना नाही.
लायनींमधली जागा अर्धा पॉइंट आवळली असती
तर ही ओळ मागच्या पानाच्या तळाशी बसली असती,
आश्रोबा आणि मुंजाजींच्या विहिरींखाली,
कुणाची नजर न जाता.

कर्सर तिथं नेला.
लाइट गेली, यूपीएस कुईकुई करायला लागला.
सेव्ह केलं. तशीच.