डाव्या चाकाचे आटे

जांबोटीच्या अलीकडे टेम्पो डावीकडून बोलायला लागला.
आधी वाटलं कोबीची पोती सरकली,
मग वाटलं रस्ता.
रस्त्यावर काय, काहीही ढकलता येतं.

उतरून बॅटरी मारली.
सहातले दोन बोल्ट मुळापासून गेलेले,
तिसऱ्याच्या नटाखालून तांबेरा ओघळलेला
पान खाऊन कुणी भिंतीशी उभं राहावं तसा.

वैजूला एक ठेवून दिली.
संध्याकाळी मार्केट यार्डाच्या फाटकात
चाक त्यानंच बसवलं होतं,
पाइप घालून, पाइपवर उभा राहून,
सतरा वर्षांचं होतं नव्हतं ते वजन टाकून.
"डाव्या बाजूला उलटे आटे असतात रे,
किती वेळा सांगू?"
तो काही बोलला नाही. गालसुद्धा चोळला नाही.

दस्तगीर मेस्त्री लुंगीवरच आला,
मागून जैतूनबी कंदील घेऊन.
"कुठं जाऊलालासा एवढ्या रातचं?"
"म्हापशाला."
"काय भरलंय?"
"कोबी, बिनीस, थोडी ढबू."
"बसा मग. कोबी थांबतंय. बिनीस थांबत नाही."

जॅक, जॅकखाली फणसाचा ओंडका.
चाक उतरलं, ड्रम निघाला.
हबमधलं मोडकं खोड मागं ठोकताना
हातोडीचा पहिला घाव विचारल्यासारखा,
दुसरा तसा नव्हता.

तुकडा त्यानं चिंधीनं पुसला,
कंदिलाशी नेला, मला जवळ बोलावलं.
तुटलेलं तोंड बहुतेक सगळं तपकिरी, जुनं,
आणि कडेला नखाएवढी एक कोर
पांढरीस्वच्छ.
"एवढंच आजचं. बाकीचं मोडूलालंय वरीसभर.
दर वेळी आवळतंय कोण?"

मी.

मीच. पाइप घालून, वर दोनदा उडी मारून,
कारण ढिलं राहिलं तर घाटात काय होतं
ते मी बघितलंय,
आणि जास्त आवळलं तर काय होतं
ते दिसत नाही, आत चालतं.
"आणि ह्या राहिलेल्या चारींचे आटे बघ,"
मेस्त्री बोट फिरवत म्हणाला,
"एक ओरखडा नाही. पोरानं बरोबर दिशेनंच फिरवलंय."
जैतूनबीनं कंदील जरा खाली घेतला,
माझा चेहरा अंधारात जाईल इतका.

नवा बोल्ट एकच निघाला.
दुसरा डालड्याच्या डब्यातला, कुठल्या तरी भंगार हबचा;
नट हातानं शेवटपर्यंत फिरवून बघितला,
कानाशी धरून, घड्याळ ऐकावं तसा.
"चालतंय."
मग चार वायसर, वर जुना नट,
आणि बोल्ट दात्यांत ओढून घ्यायचा, आट्या-आट्यानं.
"तिरगस," तो वैजूला म्हणाला, "एडक्क. सावकाश."
सावकाश कानडीतही सावकाशच.

चाक चढल्यावर पाना वैजूकडेच दिला.
समोरचा, त्याच्या समोरचा,
गोल फिरायचं नाही.
पाइप उचलायला मी वाकलो
तर त्यावर मेस्त्रीचा पाय होता.

साडेचारशे झाले. घासाघीस केली नाही.
"पन्नास किलोमीटरवर परत बघा.
नव्या बोल्टला बसायला वेळ लागतंय."

कणकुंबीला वीसही झाले नसतील, तरी थांबवला.
धुक्यात कुठं तरी कुत्रं भुंकत होतं,
आमच्यावर नाही.
वैजू पाना घेऊन बसला, मी बॅटरी धरली.
पहिला जागच्या जागी. दुसरा, तिसरा.
चौथा, डालड्याच्या डब्यातला, अर्धा आटा आला.

"आलं," तो म्हणाला.
संध्याकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द.
"बरं," मी म्हणालो.

आणखी काहीतरी म्हणायचं होतं.
बॅटरी विझवली, किल्ली फिरवली,
बिनीस थांबत नाही.