नेर्गुई

आजीला आधीची तीन होती.
एक खोकल्यानं, एक तापानं.
तिसऱ्याचं काय झालं विचारलं
की ती चुलीत गोवरी सरकवायची.

चौथे माझे बाबा.
तिसऱ्या दिवशी घोड्यांचं औषधपाणी करणारा चुलत आजा
तंबूत वाकून आला
आणि उजव्या कानाशी कुजबुजला, तीनदा:
तुझं नाव नेर्गुई.
तुझं नाव नेर्गुई.
तुझं नाव नेर्गुई.

नेर म्हणजे नाव, गुई म्हणजे नाही.
दाराशी टपलेल्यानं विचारलंच, कोण आलंय घरात,
तर खरं सांगूनही
त्याच्या हाती काही लागू नये.

गोबीत तेव्हा असे पुष्कळ होते.
एनेबिश, हा नव्हे.
तेरबिश, तो नव्हे.
खुनबिश, हे माणूसच नव्हे.
मास्तर हजेरी घ्यायचे
आणि माणूस नसलेला पहिल्या बाकावरून
हजर म्हणून ओरडायचा.
बाबा मागे बसत. नुसता हात वर करत.

पुढे सव्वीस वर्षं लोकरीचा ट्रक चालवला.
खिंड आली की उतरायचे,
अनामिका वाटीत बुडवून थेंब उडवायचे,
आभाळाला, जमिनीला, आधी गेलेल्यांना.
पाचांत हे एकच बिननावाचं.
माझं बोट, म्हणायचे,
आणि उरलेली वाटी स्वतः संपवायचे.

एकदा मी विचारलं,
आजी तुम्हाला दुसरं काही म्हणायची का?
लाडाचं? अंधारात, कोणी ऐकत नसताना?
ते चाक बदलत होते.
बराच वेळ बोल्ट पिळत राहिले.
हाक नाही मारायची, म्हणाले. हुंगायची.
इथं.
टाळूवर ऑइलचा काळा ठसा
संध्याकाळपर्यंत तसाच होता.

जानेवारीत गेले.
गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, अशी आमच्यात रीत.
आई पाळते.
पण तो शब्द तर रोजचा आहे.
निनावी फोन येतो, निनावी पत्र येतं,
अंगठी घातलेलं बोट दुखतं,
आणि आई वाक्य अर्ध्यावर सोडून
दूध बघायला उठते.
दूध उतू जात नसतं.

काल पेन्शनच्या कागदांसाठी
मांदलगोवीच्या बँकेत बसलो होतो, ती आणि मी.
आमच्याकडे आधी बापाचं नाव, मग आपलं.
चार नंबरच्या खिडकीतल्या पोरीनं
पेनानं काच वाजवली:
नेर्गुईची खोंगोरझुल!

आईनं माझं मनगट धरलं.

नेर्गुईची खोंगोरझुल आहे का?

आहे. टोकन मुठीत भिजलेलं.
उठायचंच होतं मला.
तिसऱ्यांदा पुकारू दिलं.