पार्किंग नंबर सात

नागपूरच्या पोटात गुहा नाही.
पश्चिमेला काळा दगड, लाव्हा निवून झालेला,
पूर्वेला त्याहून जुना, अभ्रकाने चमकणारा.
मधे कुठे कुठे चुनखडीचा पातळ थर,
पण माणूस वाकून तरी शिरेल एवढी पोकळी
एकतीस वर्षांत मला कुणाच्या नकाशात दिसली नाही.

सेमिनरी हिल्सच्या प्रयोगशाळेत मी दगड कापायचे.
कापायचा, काचेवर चिकटवायचा, घासायचा,
केसाहून पातळ, उजेड आरपार जाईपर्यंत.
बस्तरच्या, मेघालयाच्या गुहा
गोणपाटात गुंडाळून माझ्या टेबलावर यायच्या.
मी एकीतही पाय ठेवला नाही.

आता मनीषनगर. इमारतीखालचं पार्किंग.
सात नंबरवर, स्लॅबच्या भेगेतून
उतरलीय एक पांढरी नळी,
पेन्सिलीएवढी, आतून पोकळ,
टोकाला एक थेंब, पडू की नको करणारा.

"काय पाहून राहिल्या मॅडम?"
झनकलाल मरसकोल्हे, रात्रपाळीचा.
त्याला सांगते: डोंगरात पाऊस मातीत मुरतो,
मातीचा श्वास पितो, किंचित आंबट होतो,
चुनखडी चाटत खाली जातो.
पोकळीत पोचला की श्वास सोडतो.
मग चुना त्याला पेलवत नाही;
छताला ठेवून देतो आणि पडतो.
शेकडो वर्षांत बोटभर.

इथं उलटं.
सिमेंटातून झिरपलेला थेंब
हवेतला श्वास आत ओढतो, आणि दगड होतो.
तीन वर्षांत वीतभर.

तो विडीचं थोटुक विझवतो.
"मंजे तिकडं सोडून, इथं घेऊन,
पण होते गोटाच."
थोडं थांबून:
"वरच्या मोहरीलबाईच्या कुंड्यायचं पाणी आहे ते."

चाफलेंच्या नव्या गाडीवर पांढरे डाग पडले.
कितीही घासा, जात नाहीत.
सोसायटीच्या सभेत वॉटरप्रूफिंग मंजूर,
मी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही,
चष्मा पुसत बसले.

रविवारी कारागिराने खराट्याचा दांडा मारला.
बांगडी फुटावी एवढाच आवाज.

खाली वाकून एक तुकडा उचलला,
डोळ्याला लावला:
पलीकडे ट्यूबलाइट, गोल, लहान, ओलसर.
न कापता, न घासता
दगडातून आलेला उजेड.

"फेकू काय मॅडम?" बाकीचं झाडत झनकलाल म्हणाला.
थांब जरा, म्हटलं.